वाघातला घ आणि 'लाफ'मधला घ

वाघोलीला बहिणीकडे गेले की भाचीचा गृहपाठ आपोआप माझ्या पुढ्यात येतो. मी मुद्रितशोधक आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरते, त्यामुळे वह्या तपासणं म्हणजे हिला विरंगुळाच, असं घरच्यांना वाटतं. भाची चौथीत आहे. परवा ती इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचत होती. ओळीखालून सरकणारं बोट एका शब्दापाशी थबकलं. एल-ए-यू-जी-एच. जरा विचार करून ती ठाम आवाजात म्हणाली, "लाघ."

स्वयंपाकघरातून बहीण ओरडली, "लाफ गं, लाफ! कालच सांगितलं ना?"

भाचीने माझ्याकडे पाहिलं. "मावशी, पण बसवर वाघोली लिहितात त्यात जी-एचच असतं."

असतं खरं. डब्ल्यू-ए-जी-एच. शाळेत जायला लागल्यापासून ही पाटी ती रोज वाचते आहे. घाटकोपरच्या फलाटावर जी-एच आहे, घोरपड्यांच्या आणि वाघमाऱ्यांच्या दारावर जी-एच आहे. जी-एच म्हणजे घ, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. पाट्या बघून तिचं तिनेच ते ताडलंय. आणि आता शाळा सांगते की हाच जी-एच 'लाफ'मध्ये फ होतो, 'नाइट'मध्ये नुसता बसून राहतो आणि 'घोस्ट'मध्ये ग होतो. का? 'का' विचारायचं नसतं. पाठ करायचं.

मग डिक्टेशनची वही निघाली. दहा शब्दांपैकी चार बरोबर. 'थ्रू'चं स्पेलिंग तिने टी-एच-आर-यू केलं होतं आणि 'इनफ'चं इ-एन-यू-एफ. 'थॉट'ची मात्र वेगळीच गंमत झाली होती. टी-एच-ओ-यू-एच-जी-टी. सगळी अक्षरं हजर, फक्त रांगेत धक्काबुक्की. तिन्ही शब्दांभोवती सारखाच लाल गोल, तिन्हींना अर्धा-अर्धा गुण कापलेला आणि खाली 'दहा वेळा लिही'.

माझं भांडण या सारख्या गोलांशी आहे. टी-एच-आर-यू लिहिणाऱ्या मुलीने कान लावून ऐकलंय, ऐकलेल्या आवाजाला जवळची अक्षरं शोधलीत आणि शिकलेला नियम प्रामाणिकपणे चालवलाय. टी-एच-ओ-यू-एच-जी-टी लिहिणाऱ्या मुलीने यातलं काहीच केलेलं नाही. तिने अक्षरांची माळ पाठ केली आणि माळेतले दोन मणी उलटे ओवले. पहिल्या चुकीत डोकं आहे, दुसरीत फक्त घोकंपट्टी. आपली तपासणीची पद्धत दोघींना एकाच मापाने मोजते, आणि दहा वेळा लिहिण्याच्या शिक्षेने पहिल्या मुलीला हळूहळू दुसरीसारखं करून टाकते. चूक दुरुस्त करू नका असं मी म्हणत नाही. चुकांवर जगणारी बाई असं म्हणेल तरी कशी? पण इंग्रजी स्पेलिंग जुनं आहे म्हणून विचित्र दिसतं, ही साधी गोष्ट आपण मुलांपासून लपवतो आणि स्पेलिंगचा दोष मुलांच्या माथी मारतो.

टी-एच-आर-यूचंच घ्या. १९०६ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी मुद्रणालयाला हुकूम दिला की यापुढे ३०० शब्द सुटसुटीत स्पेलिंगने छापायचे. त्या यादीत माझ्या भाचीचा टी-एच-आर-यू होता, आणि 'तरीसुद्धा' या अर्थाच्या 'दो'चं टी-एच-ओसुद्धा. स्पेलिंग सोपं करण्यासाठी त्याच वर्षी एक मंडळ निघालं होतं, त्याला अँड्र्यू कार्नेगी या धनाढ्य उद्योगपतीचा पैसा होता. वर्तमानपत्रांनी रूझवेल्टची यथेच्छ टिंगल केली आणि वर्ष संपायच्या आत तिथल्या संसदेने तो हुकूम बाजूला सारला. पुढे 'शिकागो ट्रिब्यून' या दैनिकाने १९३४ पासून असं सुटसुटीत स्पेलिंग नेटाने चालवलं आणि १९७५ साली तेही थकलं. म्हणजे जे अमेरिकेच्या अध्यक्षाला आणि एका बड्या वर्तमानपत्राला सुचलं तेच वाघोलीतल्या चौथीच्या मुलीला सुचलं. तिचा मात्र अर्धा गुण गेला.

आता हा जी-एच आला कुठून? फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकलं त्याच्या आधीच्या इंग्रजीत, घशातून खाकरल्यासारखा निघणारा एक आवाज होता. आपल्या ख आणि ह यांच्या मधला कुठलासा. तो तेव्हा साध्या एच या अक्षराने लिहीत. 'नाइट'ला 'निख्त' म्हणत आणि 'थ्रू'ला 'थुर्ख'च्या जवळपासचं काहीतरी. नॉर्मन वळणाच्या लेखनिकांना तो आवाज परका होता, त्यामुळे तो दाखवण्यासाठी हळूहळू जी-एच ही जोडी रुळली. तेव्हा हा जी-एच मुका नव्हता. बोलायचे तेच लिहायचे.

विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला तो १४७६ साली. छापायचं म्हटलं की स्पेलिंग एकदा ठरवून टाकावं लागतं. आणि नेमक्या त्याच काळात इंग्रजी बोली उकळत होती. साधारण १४०० ते १७०० या तीनशे वर्षांत तिचे दीर्घ स्वर जागचे हलले आणि तो खाकरणारा आवाजही दक्षिण इंग्लंडातून नाहीसा झाला. काही शब्दांत तो पूर्ण विरला, काहींत ओठांवर येऊन त्याचा फ झाला. लिखाण मात्र छापखान्यातल्या खिळ्यांमध्ये, म्हणजे धातूच्या अक्षरांमध्ये, अडकून राहिलं. डॉ. जॉन्सनचा शब्दकोश १७५५ साली आला तोवर खिळे चांगलेच गंजले होते.

त्यात ओ-यू-जी-एच या चार अक्षरांची कथा आणखी गमतीची आहे. आज एकसारखे दिसणारे हे शब्द मुळात एका घरचे नव्हतेच. 'टफ', 'थ्रू', 'डो' (मळलेली कणीक), 'बाउ' (झाडाची फांदी) या सगळ्यांचे जुने स्वर निरनिराळे होते, शेवटची व्यंजनंही सगळी सारखी नव्हती. वेगवेगळ्या गावांहून आलेले वाटसरू एका धर्मशाळेत उतरावेत तसे ते एका स्पेलिंगमध्ये उतरले. वहीत नाव एकाच धर्मशाळेचं, पण प्रत्येकाची बोली आपापल्या गावची. मग 'एकाच स्पेलिंगचे सहा उच्चार' असा गळा काढण्यात काय हशील?

हे भाचीला कसं सांगायचं, यावर मी थोडा विचार केला आणि आडनावांचा आधार घेतला. तिच्या वर्गात तीन कुलकर्णी आहेत. कुलकर्णी म्हणजे गावाचं दप्तर सांभाळणारा. कुलकर्णी वतनं १९५० साली कायद्याने गेली. आज तिच्या वर्गातल्या एका कुलकर्णीचे बाबा हिंजवडीला आयटीत आहेत, दुसऱ्याचे औषधांचं दुकान चालवतात. दप्तराशी कुणाचाही संबंध उरलेला नाही, तरी आडनाव तसंच. "ते आडनाव चुकीचं आहे का?" मी विचारलं. "नाही," ती म्हणाली, "जुनं आहे." 'नाइट'मधला जी-एच असाच आहे. वतन गेलं, नाव राहिलं. काम काही करत नाही, पण घराणं सांगतो.

आणि घराणं बघायला गेलं तर पोरीचं 'लाघ' अगदीच टाकाऊ ठरत नाही. हलकं या अर्थाचा 'लाइट' शब्द घ्या. त्यातला जी-एच आणि आपल्या 'लघु'मधला घ एकाच मूळ आवाजातून आलेत. 'डॉटर'मधला जी-एच ज्या जागी बसलाय, त्याच जागी संस्कृत 'दुहिता'मधला ह आहे. गोव्यात मुलीला 'धूव' म्हणतात, तीही याच दुहितेची लेक. 'नाइट' म्हणजे आपलं 'नक्त'. दिवसभर उपास करून रात्री जेवायचं, त्या नक्तव्रतातलं नक्त. 'एट' म्हणजे अष्ट. पुण्यात जर्मन शिकणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारा. तो 'नाख्ट', 'आख्ट', 'टोख्टर' असं सहज म्हणून दाखवेल. इंग्रजीने गिळलेला आवाज जर्मनने अजून घशात ठेवलाय. स्कॉटलंडच्या बोलीतही 'निख्त' ऐकू येतं. म्हणजे 'डॉटर' हा शब्द पहिल्यांदाच बघून एखादं मराठी पोर 'डॉघ्टर' म्हणतं तेव्हा ते आजच्या लंडनकराच्या दृष्टीने चुकतं, पण हजार वर्षांपूर्वीच्या लंडनकराला ते बऱ्यापैकी कळलं असतं. या पोराला हसणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असतं?

व्हॉट्सॲपवर वर्षातून दोनदा तरी एक विनोद फिरतो. जी-एच-ओ-टी-आय हे स्पेलिंग 'फिश' असं वाचायचं. 'इनफ'मधला जी-एच, 'विमेन'मधला ओ आणि 'नेशन'मधला टी-आय. खाली नाटककार बर्नार्ड शॉचं नाव. हा विनोद १८५५ सालच्या एका पत्रात सापडतो आणि शॉ जन्मला १८५६ साली, म्हणून त्याला यातून मोकळं करायला हरकत नाही. महत्त्वाचं म्हणजे विनोद खोटा आहे. शब्दाच्या सुरुवातीला आलेल्या जी-एचचा फ इंग्रजीत कधीच होत नाही. शेवटी आलेल्या टी-आयचा श होत नाही. कुठलाही इंग्रज हा शब्द बघून 'गोटी' असंच वाचेल. इंग्रजीला नियम नाहीत हे सिद्ध करायला निघालेल्या माणसाला आधी तिचे दोन नियम मोडावे लागले.

नियम आहेत, फक्त ते कुणी मांडून दाखवत नाही. मी एका संध्याकाळी भाचीबरोबर बसून शाळकरी मुलांना लागतील असे ओ-यू-जी-एचवाले शब्द गोळा केले. मारुतीच्या शेपटीएवढी यादी होईल अशी तिची खात्री होती. निघाले एकवीस. त्यातल्या आठ शब्दांच्या शेवटी टी आहे आणि त्यांतले सात 'ऑट' असेच वाचायचे: ऑट, बॉट, ब्रॉट, फॉट, थॉट, सॉट, नॉट. सात शब्द, एक उच्चार, एकही फितूर नाही. आठवा 'ड्राउट', म्हणजे दुष्काळ, तेवढा फुटून निघतो, कारण तो 'ड्राय'चा भाऊबंद आहे, त्याची कुळी निराळी. मराठवाड्याच्या बातम्या वाचणाऱ्याला तो एक शब्द वेगळा लक्षात ठेवणं जड जाणार नाही.

उरले तेरा. रफ, टफ, इनफ ही एक तिकडी. 'कॉफ' आणि 'ट्रॉफ' ही जोडी. यातला दुसरा पावसाळ्यात 'ऑफ-शोअर ट्रफ' म्हणून आपल्या बातम्यांत येतो, आणि पहिल्याला आपण बिनदिक्कत 'कफ' म्हणतो. कफ सिरपमध्ये कफ नाही तर काय असणार? संस्कृतातल्या कफाचा आणि या खोकल्याचा काडीचा संबंध नाही, पण मराठी माणसाचं स्पेलिंग पाठ करायचं काम तेवढं हलकं झालं. मग 'दो', 'ऑल्दो', 'डो' यांचा ओ. 'बाउ' आणि 'प्लाउ' यांचा आउ. यातल्या नांगराचं स्पेलिंग अमेरिकेने केव्हाच सोपं केलं, तिथे तो पी-एल-ओ-डब्ल्यू. 'थरो' आणि 'बरो' ही आणखी एक जोडी. शेवटी 'थ्रू', अगदी एकटा. झाले एकवीस. एका पानात मावतात. भाचीने ते घरांसारखे मांडले, प्रत्येक घराला रंग दिला आणि ड्राउटला अंगणात काढलं.

हे पान पाठ्यपुस्तकात का नसावं? महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणलं. रामकृष्ण मोरे तेव्हा शालेय शिक्षणमंत्री होते. त्याआधी मराठी शाळेत इंग्रजीची गाठ पाचवीत पडायची. तेव्हाचा वाद आठवत असेल: पहिलीपासून हवं की नको, मातृभाषेचं काय होणार, बहुजनांच्या मुलांनी मागे का राहायचं. मोरेंच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा मला तेव्हाही पटला होता. पण केव्हापासून शिकवायचं यावर जेवढं रण माजलं, त्याच्या दशांशही 'कसं' यावर झालं नाही. पाचवीतली घोकंपट्टी आपण उचलून पहिलीत ठेवली. 'सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' हा जप चार वर्षं आधी सुरू झाला, एवढाच बदल.

अलीकडे गल्लोगल्ली फोनिक्सचे क्लास निघालेत. अक्षराचं नाव न शिकवता आवाज शिकवायचा, ही पद्धत घोकंपट्टीपेक्षा निश्चितच शहाणी आहे, आणि 'कॅट', 'मॅट', 'पॅट'पर्यंत ती पोरांना झपाट्याने नेते. जी-एचपाशी मात्र तिचीही गाडी अडते. मग 'हे अवघड शब्द, हे नुसते बघून लक्षात ठेवा' अशी वेगळी कार्डं निघतात. म्हणजे फिरून पाठांतर, फक्त कार्डं रंगीत. आवाज जिथे संपतो तिथे इतिहास हाताशी घ्यायचा असतो, हे फीच्या पावतीत बसत नसावं.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय स्पेलिंग बी स्पर्धेकडे बघा. ती १९२५ पासून चालू आहे आणि गेली वीस-पंचवीस वर्षं भारतीय वंशाच्या मुलांनी ती गाजवलीय. २०१९ मध्ये आठ जणांना मिळून विजेतेपद द्यावं लागलं, त्यात सात जण आपले. इकडे त्याची बातमी 'अफाट स्मरणशक्ती' अशी छापून येते. प्रत्यक्षात स्पर्धा नीट पाहिली तर माइकपुढे उभं राहिलेलं मूल परीक्षकांना काय विचारतं? शब्दाचा अर्थ काय, आणि शब्द कुठल्या भाषेतून आला. हे विचारायची मुभा स्पर्धेच्या नियमातच आहे. ग्रीक म्हटलं की फ साठी पी-एच, फ्रेंच म्हटलं की शेवटची अक्षरं मुकी, असा हिशेब मनात मांडत ते पोर एकेक अक्षर बोलतं. जगातली सगळ्यात कडक स्पेलिंगची परीक्षा 'तुझं घराणं कोणतं' हे विचारू देते. आमच्या चौथीच्या वर्गात मात्र तो प्रश्न आगाऊपणा ठरतो.

यावर पहिली तक्रार अशी येते की एवढ्याशा मुलांना इतिहास काय कळणार. चौथीतल्या मुलांना अफझलखानाचा वध कळतो, तहातले किल्ले पाठ असतात. छापखाना आला, बोलणं बदललं, खिळे बदलले नाहीत, एवढ्या तीन वाक्यांनी त्यांच्या डोक्याला काय मुंग्या येणार आहेत?

दुसरी तक्रार तरुणांची. मोबाइल आपोआप दुरुस्त करतो, स्पेलिंग हवंय कशाला? मोबाइल टी-एच-ओ-यू-एच-जी-टी दुरुस्त करतो, हे कबूल. पण 'थ्रू'च्या जागी 'दो' पडला किंवा 'थरो' पडला तर तो बापडा गप्प बसतो, कारण तिन्ही शब्द त्याच्या लेखी शुद्धच. माझ्याकडे येणाऱ्या इंग्रजी मजकुरात आताशा याच चुका सगळ्यात जास्त असतात. फोनच्या चाळणीतून सुटलेल्या, इस्त्री करून आलेल्या चुका.

तिसरी तक्रार खरी आहे आणि तिला माझ्याकडे चटपटीत उत्तर नाही. शिक्षकांनाच हे कुणी सांगितलेलं नाही. साठ वह्या, त्यातून निवडणुकीची कामं, आणि डी.एड.च्या अभ्यासक्रमात शब्दांच्या घराण्यांना जागा नसते. ज्या बाईंनी लाल गोल काढला त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनाही लहानपणी असाच गोल मिळाला असणार. म्हणून मागणी बाईंकडे करायची नाही, पुस्तक बनवणाऱ्यांकडे करायची. एक पान, एकवीस शब्द, आणि तपासणीच्या सूचनेत एक ओळ: ऐकून लिहिलेल्या चुकीला प्राथमिक शाळेत गुण कापू नयेत, नुसतं बरोबर रूप शेजारी लिहावं.

मग स्पेलिंगच का बदलू नये, असं कुणी विचारेल. इंग्रजांनीही ते करून पाहिलंय. १९६१ साली जेम्स पिटमनच्या पुढाकाराने तिथल्या काही शाळांत लहान मुलांसाठी ४४ चिन्हांची वेगळी वर्णमाला सुरू झाली. आमच्याकडच्या टायपिंग-शॉर्टहँडच्या क्लासात ज्याची लघुलिपी शिकवत, त्या पिटमनचाच हा नातू. मुलं भराभर वाचायला लागली आणि मग नेहमीच्या स्पेलिंगकडे वळताना पुष्कळजण अडखळली. प्रयोग मागे पडला. घरच्या मुलांनाही हे स्पेलिंग सोपं नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं. तेरा युरोपीय भाषांतल्या मुलांची तुलना करणारा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. सरळ लिखाण असलेल्या भाषांच्या मानाने इंग्रजीत वाचनाचा पाया पडायला दुपटीहून जास्त वेळ लागतो, असं त्यात दिसलं. ती मुलं तर इंग्रजी बोलतच शाळेत येतात.

आपण मराठीत ही सफाई करून मोकळे झालो आहोत. साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे चौदा नियम केले, १९७२ मध्ये आणखी चार. त्यात न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधी गांव, नांव, दांत, पांच, कांटा असं टिंब देऊन लिहीत. माझ्या आजोबांची पत्रं अशा टिंबांनी भरलेली आहेत. ती टिंबं म्हणजे आपले जी-एच होते. 'गांव'वरच्या टिंबात 'ग्राम'मधला म होता, 'दांत'वरच्या टिंबात 'दन्त'मधला न, 'पांच'वरच्या टिंबात 'पञ्च'मधला ञ. 'नांव' आणि 'नाव' यांतलं एक माणसाला असायचं आणि दुसरी नदीत. टिंब पुसलं आणि दोन्ही एकाच घाटाला लागली.

मला ती टिंबं परत नको आहेत. पोरांचा ताप वाचला, माझाही वाचला, आणि संदर्भावरून नाव कोणती ते कळतंच. तरी मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, ही फुशारकी मला मान्य नाही. 'चमचा'मधला च आणि 'चहा'मधला च एकाच चिन्हाने लिहून आपण दोन तऱ्हांनी म्हणतो. लिहितो 'सिंह' आणि म्हणतो 'सिंव्ह'. 'ष' आणि 'श' यांतला फरक कानाला ऐकू आलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. आणि पुसून टाकलेलं टिंब 'केलं', 'गेलं'च्या डोक्यावर निराळंच काम घेऊन परत येऊन बसलंय, ते तुम्ही या लेखात पहिल्या ओळीपासून बघताय. आपण इतिहास पुसून सोय घेतली. इंग्रजांनी सोय सोडून इतिहास ठेवला. दोन्हींची किंमत असते. पण ज्याने जुनी अक्षरं ठेवली त्याने निदान त्यांची गोष्ट तरी मुलाला सांगावी. आपल्या शाळांनी इंग्रजांकडून अक्षरं आणली आणि गोष्ट तिकडेच विसरून आल्या.

गोष्ट सांगताना एक पथ्य मात्र पाळायला हवं. प्रत्येक जी-एच जुन्या वाड्यातला नसतो. आनंद या अर्थाचा 'डिलाइट' फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात जी-एच नव्हता. 'लाइट', 'नाइट', 'राइट' यांच्या संगतीत राहून तो त्याला चिकटला. उचकीला कुणीतरी खोकल्याचं शेपूट लावून 'हिकप'चं स्पेलिंग ओ-यू-जी-एचवर आणून ठेवलं, ते अजून कोशात आहे. असे दत्तक जी-एच पुष्कळ आहेत. सगळ्यांना सरसकट पुरातन म्हणून हळदकुंकू वाहायला गेलो तर आपलं ज्ञान व्हॉट्सॲपच्या वरचं राहणार नाही.

भाचीला मी हे दत्तकांचं प्रकरणही सांगितलं होतं. गेल्या रविवारी बहिणीच्या फोनवरून तिचा एक फोटो आला. गोष्टीच्या पुस्तकातलं पान, त्यात 'घोस्ट' या शब्दाखाली पेन्सिलची रेघ. खाली मराठीत लिहिलं होतं, "मावशी हा जीएच पुढे कसा आला? हा कुलकर्णी की दत्तक?"

मी तिला कळवलं की जुन्या इंग्रजीत भुताच्या स्पेलिंगमध्ये एच नव्हताच. कॅक्स्टन छपाई शिकला तो समुद्रापलीकडे, आणि तिकडच्या, आजच्या बेल्जियममधल्या, फ्लेमिश भाषेत भुताला जी-एच लावत. बहुधा तिथून तो कॅक्स्टनच्या छापखान्यात शिरला आणि भूत काही त्याला सोडेना.

दोन मिनिटांनी उत्तर आलं. "म्हणजे दोन्ही नाही. हा भाडेकरू."